बँड ऑफ ब्रदर्स तिसऱ्यांदा बघितली, आपल्याकडं असं काहून बनत नाही?

परभणीचा_पाव्हणा:
मंडळी, काल रात्री दोन वाजता तिसऱ्यांदा संपवली, मधे दोनदा लाईट गेली तरी. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, 2001 ची दहा भागांची अमेरिकन मालिका आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या ईझी कंपनीची, म्हणजे 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनची पॅराशूटवाली पोरं, जॉर्जियातल्या ट्रेनिंग कॅम्पपासून नॉर्मंडी, हॉलंड, बेल्जियममधलं बास्तोन करत करत पार हिटलरच्या डोंगरापर्यंत. खरी माणसं, खरी नावं. भाग सुरू व्हायच्या आधी म्हातारे झालेले खरे फौजी बोलतात पण त्यांची नावं शेवटच्या भागापर्यंत सांगतच नाहीत, आणि मग नाव येतं तेव्हा माणूस हबकतो, अरे हा आजोबा म्हणजे आपण इतके दिवस बघायलो तोच पोरगा होय.

सहावा भाग तर नुसता बघावा. बास्तोनचं जंगल, डिसेंबर 1944, बर्फ, आणि हिरो कोण तर बंदूक चालवणारा नाही, कंपनीचा मेडिक. एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जाऊन लोकांना कात्री मागतो, मॉर्फीन मागतो. कात्री! भाषण नाही, झेंडा नाही. आपल्याकडं दूरदर्शनवर 1988 ला परमवीर चक्र आली, 1989 ला फौजी आली, मराठीत 2017 ला लागिरं झालं जी आली. लागिरंवर चिडू नका, आमच्या घरी जेवणं थांबवून बघायचे, पण आमचा अज्या बॉर्डरवर कमी आणि सुट्टीवर जास्त दिसायचा. माझं मत, आपल्याला फौजी आवडतो पण फौजीचं काम बघायचं नसतं.

औसा_रोड:
भाऊ राग मानू नका पण तुम्ही प्रेमात पडलाव. कात्री तुमच्या लक्षात राहिली, माझ्या भावाच्या पोराच्या लक्षात काय राहिलं माहितीय का? दुसऱ्या भागातल्या ब्रेकूरच्या चार तोफा, ईझीचा ऑफिसर विंटर्स मूठभर पोरं घेऊन जातो आणि एकेक तोफ उडवतो तेवढाच सीन. तेवढाच कापून स्टेटसला ठेवलाय, खाली वाघाचं चित्र. युद्ध किती वाईट हे दाखवायला बनवलेली कुठलीही मालिका घ्या, कॅमेरा भारी असला की युद्धच भारी दिसतं.

आणि ते खरी माणसं खरी नावं जरा जपून. ब्लाईद आठवतो का, तिसऱ्या भागात भीतीनं डोळ्यापुढं अंधारी येते तो? शेवटी पाटी येते की तो जखमेतून कधी बरा झालाच नाही आणि 1948 ला मेला. साफ चूक. तो बरा झाला, पुढं सैन्यातच राहिला, कोरियात लढला आणि 1967 साली वारला. घाबरलेल्या माणसाला टीव्हीनं एकोणीस वर्ष आधी मारून टाकलं राव. त्याच्या घरच्यांनी ती पाटी बघून काय करायचं?

परभणीचा_पाव्हणा:
ब्लाईदचं मान्य, एकशे एक टक्के मान्य. पण एका पाटीवरून अख्खी मालिका झोपवू नका. तो घाबरला हे दाखवलं ना, आपल्याकडं घाबरलेला जवान दाखवला तर संध्याकाळी चॅनलवर चर्चा बसंल.

भरती_2_वेळा_हुकली:
मी पहिला भाग बघून ग्राउंड सुरू केलं, खोटं कशाला बोलू. ते ट्रेनिंग कॅम्पजवळच्या करही डोंगरावर पळायलेत, तीन मैल वर तीन मैल खाली, आणि एकदा त्यांचा ट्रेनिंगचा अफसर सोबेल त्यांना पोटभर स्पॅगेटी खाऊ घालतो आणि मग पळवतो, सगळे ओकायलेत तरी पळायलेत. आमच्या अकॅडमीचे सर असंच करतात फक्त स्पॅगेटीच्या जागी उपीट. औसा रोडवाले काका तुम्ही मनता पोरं स्टेटस ठेवतात, ठेवतात खरं, पण गावात सोयाबीनला भाव नाही, शिकून नोकरी नाही, पोरगं 1600 मीटर पळायला टीव्ही बघून जात नाही ओ, टीव्ही बघून फक्त पहाटे उठायला जमतं.

फौजीची_बायको:
मी दोन भाग बघून बंद केली. वाईट आहे मनून नाही. ह्यांची पोस्टिंग वर आहे, कुठं ते लिहित नाही. बर्फात पोरं खड्ड्यात बसलेली बघून मला झोप आली नाही आणि दुसऱ्या दिवशी फोन लागला तर हे विचारतात कापसाला पाणी दिलं का. त्यांना सांगितलं अशी अशी सिरीयल बघायले तर मनले ते सोड, गॅसची सबसिडी आली का बघ.

पाव्हणे भाऊ, तुमचं सहाव्या भागाचं वाचून बघू वाटायलं पण. कात्री मागतो ते खरं वाटतं. ह्यांच्या गप्पात सुद्धा लढाई कधीच नसते, सॉक्स वाळत नाहीत हेच असतं.

सुभेदार_रिटायर्ड:
ताई, साहेबांना आमचा रामराम सांगा.

मी मालिका पाहिली नाही, मुलानं सोबेलचे तुकडे दाखवले. नकाशा वाचता येत नाही आणि पोरांना रगडा देतो असा अफसर, सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या म्हणे. अहो पण ज्या कंपनीनं बास्तोन झेललं तिला पळवलं कोणी? त्यानंच ना? मुलगा मनला की ईझीतल्या कितीतरी जुन्या जवानांनी स्वतःच हे कबूल केलंय. बेळगावच्या सेंटरला आमचे उस्ताद होते, पाठीवर पिठ्ठू देऊन उन्हात पळवायचे, त्यांना आम्ही काय काय नावं ठेवली ती इथं लिहिता येणार नाहीत. आज ते भेटले तर पाया पडीन.

आणि तुम्ही 1944 म्हणून अमेरिकेकडं बघता. त्याच वर्षी मराठा पलटणी इटलीत होत्या. नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. शिपाई नामदेव जाधव, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. गोळीबारात दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगातून पलीकडं नेलं, परत आला, तीन मशीनगनच्या चौक्या मोडल्या आणि मग बंधाऱ्यावर चढून आमची घोषणा दिली. हे कुणी रंगवून सांगितलेलं नाही, सरकारी नोंदीत आहे.

औसा_रोड:
सुभेदार काका, तुमच्यापुढं बोलायचं धाडस नाही पण जाधव कुणासाठी लढले हा प्रश्न त्या मालिकेत विचारावा लागंल. इंग्रजाच्या पगारावर. तो प्रश्न गाळून नुसती घोषणा दाखवणार असतील तर नको.

सुभेदार_रिटायर्ड:
जखमीला पाठीवर घेताना पगार कोणाचा ते आठवत नसतं, एवढंच सांगतो.

नळदुर्गकर:
सगळे बर्फात आणि इटलीत हिंडायलेत, घरचं बघा की. 13 सप्टेंबर 1948, सोलापूरकडनं भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत घुसलं आणि आमचं नळदुर्ग घेतलं, बोरी नदीचा पूल उडवायच्या आत हातात आला. पाच दिवसात निजाम शरण. आमची आजी सांगायची, रणगाडे बघायला लोकं ज्वारीत लपून बसले होते. 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, शाळेत पेढा मिळतो, आणि टीव्हीवर काय, शून्य. रझाकारांनी काय केलं, गावातले लोक सरहद्दीवरच्या कॅम्पातून कसे लढले, सात-आठ भाग आरामात होतात.

औसा_रोड:
होतात. नववा भाग कोण बनवणार? पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे ह्याच कारवाईनंतर काय झालं ते भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय, सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा त्यांचा अंदाज, सगळ्यात जास्त फटका बसलेल्या चार जिल्ह्यात उस्मानाबाद आणि नांदेड. आपलेच जिल्हे. रझाकारांचे भाग टाळ्या वाजवून बघू, मग ह्या भागाला टीव्ही बंद करू का?

नळदुर्गकर:
तुम्ही प्रत्येक गोष्टीत हेच काढता राव. आजीच्या घरातली दोन माणसं रझाकारांनी मारली.

औसा_रोड:
मारली, आणि आमच्या गल्लीतलं एक अख्खं घर नंतर रिकामं झालं, माझ्या आजोबानं बघितलेलं. मी दोन्ही दाखवा मनायलो. पाव्हण्याची आवडती मालिका बघा, त्यात त्यांच्याच स्पीअर्स नावाच्या ऑफिसरनं जर्मन कैद्यांना आधी सिगारेटी वाटल्या आणि मग गोळ्या घातल्या अशी कुजबुज दाखवलीय. खरं का खोटं शेवटपर्यंत सांगत नाहीत. तोच माणूस पुढं कंपनीचा सगळ्यात भारी कमांडर होतो. एवढं आपल्याला झेपणार असंल तर नळदुर्ग बनवा, मी स्वतः वर्गणी देतो.

परभणीचा_पाव्हणा:
घ्या, विरोध करता करता सगळ्यात चांगलं कौतुक तुम्हीच केलंत. स्पीअर्सचं तर मी लिहायलाच विसरलो होतो.

नळदुर्गकर:
वर्गणी किती ते आकड्यात लिहा आधी.

भरती_2_वेळा_हुकली:
शूटिंगला पळायला पोरं लागली तर सांगा, आमच्या बॅचला चाळीस जण आहेत, रणगाड्यामागं पळतो नायतर पुढं.

सुभेदार_रिटायर्ड:
पाव्हणे, तो सहावा भाग मुलानं आत्ता लावून दिला. हिंदीत नाही का हो हे? काही कळंना. पण त्या पोराचे हात कापतात ते कळालं.