टोळीच्या खंडणीची भीती आणि कॅनडातील आश्रयाचा अर्ज

प्रश्न

टोरोंटोमध्ये माझ्याबरोबर गोदामात काम करणारे एक गृहस्थ होंडुरासमधील सान पेद्रो सुला शहरातून आले आहेत. तेथे त्यांचे किराणा दुकान होते आणि टोळीला नियमित खंडणी द्यावी लागे. ती बंद करून त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा टोळीची माणसे घरी आली आणि मुलांची नावे घेऊन धमकावून गेली. आश्रयाच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डापुढे त्यांची सुनावणी जवळ आली आहे. खंडणी तर तेथे सगळेच दुकानदार देतात, त्यामुळे अर्ज टिकणार नाही, असे कोणीतरी सांगितल्याने ते खचून गेले आहेत. कायदा खरोखरच असा आहे का?

प्रतिसाद १

कॅनडाच्या निर्वासितविषयक कायद्यात (इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्ट) संरक्षण मिळवण्याच्या दोन वाटा आहेत. कलम ९६ खाली छळाचे कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी असावे लागते, आणि पैशासाठी झालेला गुन्हा बहुधा त्यात बसत नाही. भ्रष्ट अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार मात्र राजकीय मत ठरू शकते, असे फेडरल कोर्ट ऑफ अपीलने २००० साली क्लिन्को खटल्यात मान्य केले. म्हणून पोलीसच टोळीला सामील होते का, हे त्यांना जरूर विचारा. कलम ९७ ला असे कारण लागत नाही, पण तेथे जिवाला धोका असण्याची शक्यता नसण्यापेक्षा अधिक आहे, इतके सिद्ध करावे लागते. कलम ९६ ची कसोटी याहून सौम्य आहे.

प्रतिसाद २

त्यांना मिळालेला सल्ला अर्धवट आहे. त्या देशातील इतरांनाही सर्वसाधारणपणे असलेला धोका कलम ९७ मधून वगळला आहे, हे खरे. पण प्रत्येक अर्जदाराची परिस्थिती स्वतंत्रपणे तपासली पाहिजे, असे २००९ च्या प्रोफेत निकालात म्हटले आहे. २०१२ च्या पोर्तियो निकालात फेडरल कोर्टाने क्रमही सांगितला: आधी या माणसाला नेमका कोणता धोका आहे ते ठरवायचे, मग तो इतरांच्या धोक्याशी ताडून पाहायचा. खंडणीची मागणी सगळ्या बाजारपेठेला होत असेल. पण तक्रार केली म्हणून सूड घेण्यासाठी एकाच घरावर चालून येणे ही वेगळी गोष्ट आहे. सर्व निकाल एका सुरात नाहीत, तरीही खंडणीपासून सुडापर्यंतचा हा बदल तारीखवार मांडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते असे बरेच अर्ज पुढच्याच दोन प्रश्नांवर अडतात. पहिला प्रश्न सरकारी संरक्षणाचा. सरकार नागरिकांचे रक्षण करू शकते असे गृहीत धरले जाते आणि ते खोडण्यासाठी स्पष्ट, पटण्याजोगा पुरावा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या वॉर्ड खटल्यात ठरवले. म्हणून तक्रारीची पोच, तिच्यावर पोलिसांनी काय केले आणि ते कोणत्या शब्दांत टाळाटाळ करीत राहिले, हे सगळे अर्जात यायला हवे. दुसरा प्रश्न, देशातच दुसरीकडे का गेला नाहीत? पंजाबातून आलेल्या अर्जदारांना मुंबईत राहता येणार नाही का, असे जसे विचारले जाते, तसेच त्यांनाही होंडुरासमधील एखाद्या शहराचे नाव घेऊन विचारतील. तेथवर शोध घेण्याची ताकद आणि इच्छा टोळीला आहे का, आणि त्यांनी तेथे राहावे ही अपेक्षा रास्त आहे का, हे पाहिले जाईल. ते घर सोडून गेल्यावर शेजाऱ्यांकडे चौकशी झाली असेल, तर त्या शेजाऱ्याचे शपथपत्र आताच मागवा. मूळ अर्जात नसलेली मोठी घटना सुनावणीत प्रथमच आली, तर त्यांच्या विश्वासार्हतेवर शंका येते. त्यामुळे काही राहून गेले असल्यास वकिलामार्फत मुदतीत दुरुस्ती दाखल करावी.