देणगी की सोफ्याचे भाडे?

रावपुरेकर : आपल्या बडोद्यातल्या वार्षिक संगीतसभेची देणगीची पावतीपुस्तके पुन्हा दारोदार फिरू लागली आहेत. अशी देणगी म्हणजे पहिल्या रांगेतल्या सोफ्याचे आगाऊ भाडे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाणे ऐकायचे त्याने तिकीट काढावे, आणि तिकिटावर भागत नसेल तर कार्यक्रम करू नये.

दांडियाबाजार : शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. नुसत्या तिकिटावर भागले असते, तर बडोदे दरबाराने कलावंत कारखाना, म्हणजे दरबारी कलावंतांचे खाते, पोसला नसता, 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली नसती आणि फैयाज खाँसाहेबांसारख्या गायकाला पदरी ठेवले नसते. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो भार आपल्यावर आला. सभागृहाच्या खुर्च्या वाढत नाहीत, संथ लयीतला बडा ख्याल घाईने उरकता येत नाही, साथीदार कमी करता येत नाहीत. मात्र भाडे, प्रवास आणि ध्वनियंत्रणा दर वर्षी महागतात. सगळा खर्च तिकिटावर टाकला, तर विद्यार्थ्यांनी यायचे कसे? माझे वडील रेल्वेत कारकून होते. दर वर्षी 51 रुपये देत आणि शेवटपर्यंत मागच्या सतरंजीवर बसून ऐकत.

रावपुरेकर : आपल्या वडिलांविषयी आदर आहे, पण दरबाराचा पैसा रयतेच्या करातून आलेला होता, त्याला देणगी म्हणता येणार नाही. आणि सोफ्यांचे काय? गेल्या वर्षी माझी 78 वर्षांची आई, गुडघे दुखत असताना, नवव्या रांगेपर्यंत पायऱ्या चढली. पुढचे सोफे मध्यंतरापर्यंत रिकामे होते, तरी स्वयंसेवकाने तिला तिथे बसू दिले नाही.

कारेलीबाग : अगदी हेच! त्यात मध्यंतरानंतर देणगीदारांचे सत्कार सुरू होतात. शाली, श्रीफळे, भाषणे चालू असतात, तोवर जुळवलेले तानपुरे उतरतात, आणि सभागृह वेळेत रिकामे करायचे म्हणून गायिकेला मधला राग सोडून थेट भैरवीकडे वळावे लागते. वर करसवलत मिळते, ती वेगळीच.

दांडियाबाजार : सोफा, सोफा, किती वेळा तेच! अकरा वर्षे मी पावतीपुस्तक घेऊन जिने चढतो आहे. आपण दोघांनी एकदा तरी बरोबर यावे. नव्या करप्रणालीत अशा देणगीची वजावट मिळत नाही, हे ठाऊक असलेली घरेही पूर्वीइतकीच रक्कम देतात. विचारले तर एवढेच म्हणतात की, आमच्या लहानपणी कोणीतरी दिले, म्हणून आम्हाला ऐकायला मिळाले. सत्कार लांबतात, हे मात्र मान्य करावे लागेल.

सुरसागरकाठ : मी त्याच गायनशाळेतून वाढलेल्या विद्याशाखेत शिकते. समोर बसून मारवा राग मी प्रथम ऐकला तो विद्यार्थी पासावर. तो पास कोणाच्या पैशांतून निघाला, हे मला कोणी सांगितले नाही आणि देणाऱ्यानेही कधी विचारले नाही. ध्वनिमुद्रणात गायकाची चूक आणि तिथून सावरून त्याने घेतलेली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दिसत नाही. आम्ही शिकतो ते त्यातूनच.

रावपुरेकर : या मुलीसाठी पाचशे रुपये देईन. सोफ्यांविषयीचे माझे मत बदललेले नाही. पहिली चीज सुरू होताच रिकामे सोफे वृद्धांना खुले करावेत, ही माझी अट पावतीवर लिहून हवी.

दांडियाबाजार : अट पावतीवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, समितीच्या बैठकीत मांडीन. आपल्या मातोश्रींना यंदा पुढच्या कडेच्या खुर्चीवर मी स्वतः नेऊन बसवीन. रविवारी सकाळी पुस्तक घेऊन येतो.