गेटवरचा ‘अपघाताविना दिवस’ हा फलक उतरवावा का?

सेफ्टीवाला (धागा सुरू करताना)

सेफ्टी ऑफिसर म्हणून अकरा वर्षं झाली. माझं मत सरळ आहे. गेटवर ‘शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले’ असा जो फलक असतो, तो उतरवावा. आणि त्या आकड्याला जोडलेलं बक्षीस तर आजच बंद करावं.

कारण सांगतो. आमचा आकडा ४१२ वर होता. ५०० झाले की सगळ्यांना भेटवस्तू, असं जाहीर झालेलं. सकाळच्या टूलबॉक्स टॉकनंतर (काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक) रजिस्टरवर सह्या चालल्या होत्या. फॅब्रिकेशनचा एक हेल्पर, विशीच्या आतबाहेरचा, डाव्या हाताने सही करायला लागला. उजवा हात पाठीमागे. हातमोजा काढ म्हटलं तर काढेना. शेवटी मीच काढला. आत मशीन पुसायची चिंधी गुंडाळलेली, रक्ताने कडक होऊन तर्जनीला चिकटलेली. ग्राइंडरने कापून दोन दिवस झाले होते, बोट सुजून जांभळं पडलं होतं. “साहेब, माझ्यामुळे सगळ्यांचं बक्षीस जाईल,” एवढंच तो म्हणाला.

नंतर त्याचा ग्राइंडर पाहिला. पाच इंची मशीन, गार्ड (चकतीवरचं संरक्षक कव्हर) काढून टाकलेला आणि वर सात इंची चकती चढवलेली. ती चकती मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. मशीन फिरतं ११,००० ने. चकती फुटली असती तर बोटावर भागलं नसतं. त्याच दिवशी अख्खं शॉप पालथं घातलं, तर अशा आणखी तीन जोड्या निघाल्या. जखम दोन दिवस मोज्यात लपली, तेवढे दिवस त्या तीन चकत्याही फिरत राहिल्या. माझा राग पोरावर नाही, त्या आकड्यावर आहे.

प्रॉडक्शनची बाजू

साफ असहमत. फलक नसता तर बोट वाचलं असतं का? गार्ड फलकाने काढला नाही. सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत चकती चढली, तुमच्या राऊंडमध्येही ती दिसली नाही, आणि खापर फोडताय भिंतीवरच्या आकड्यावर.

मी लाईन चालवतो. माझ्याकडे शंभर गोष्टींचे आकडे रोज मागितले जातात. ज्याचा आकडा नाही, त्याची मीटिंगमध्ये आठवणही निघत नाही. आमच्या प्रेसला लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बसवायचे पैसे मिळाले ते आकडा बिघडला म्हणूनच. पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या अमेरिकन अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा गुंतवणूकदारांसमोर उभं राहून नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षेबद्दल बोलले. जखमांमुळे बुडणाऱ्या दिवसांचा दर खाली आणायचा, हेच त्यांनी ध्येय ठेवलं आणि तो दर खूप खाली आला. आकडाच नसता तर हे झालं असतं का?

रिगवरचा

प्रॉडक्शनवाल्या दादांशी अर्धा सहमत आहे, आकडा हवाच. पण हा आकडा नेमका काय मोजतो ते बघा.

डीपवॉटर होरायझन, मेक्सिकोच्या आखातातली तेलविहीर खणणारी रिग. २० एप्रिल २०१०. त्या दिवशी दोन कंपन्यांचे मोठे अधिकारी रिगवर आले होते. एकही कामाचा दिवस बुडवणारी जखम न होता सात वर्षं गेली, म्हणून कौतुकही व्हायचं होतं. त्याच रात्री विहिरीतून वायू वर आला, स्फोट झाला, ११ माणसं गेली. सात वर्षांचा तो आकडा खोटा होता असं माझं म्हणणं नाही. पण तो पाय घसरणं, बोट चेमटणं असलं मोजत होता. विहिरीतला दाब मोजण्याचं काम त्याचं नव्हतंच, तरी सगळ्यांना वाटत होतं की आपण सुरक्षित आहोत.

मी स्वतः रिगवर काम केलंय. हेल्मेटचा पट्टा सैल असला तर तीन जण टोकतात. अलार्म बायपास केलेला असला तर कुणी एक शब्द बोलत नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही.

परांचीवरून

तुमचं सगळं वाचलं. मी कंत्राटी, उंचीवरचं काम करतो. फलक ठेवा नाहीतर काढा, आम्हाला फरक पडत नाही. सेफ्टीवाले साहेब, तुमचं दुखणं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण कारण चुकलात. त्या पोराने बक्षिसाचं नाव सांगितलं असेल. आमच्यात जखम लपवतात ती गेटपाससाठी. आज रजिस्टरला नाव गेलं की उद्या कंत्राटदार म्हणतो, तू दोन दिवस घरी बस. ते दोन दिवस कधी संपत नाहीत.

दुसरं. बेल्ट घातला नाही म्हणून आमचे फोटो काढतात. मी बेल्ट घालतो. हुक कुठे अडकवू, ते सांगा. वर लाईफलाईन (हुक अडकवायची दोरी) ओढलेली नसते, म्हणून पायाजवळच्या पाईपला अडकवतो. दोन मीटरची दोरी, शॉक अॅब्सॉर्बर उघडला की आणखी दीड-पावणेदोन मीटर, वर माझी स्वतःची उंची आणि थोडी राखीव जागा. सगळं धरून सहा मीटर तरी मोकळी जागा खाली लागते. मी काम करतो साडेचार मीटरवर. म्हणजे बेल्टने मला पूर्ण थांबवायच्या आधी जमीन येणार. चेकलिस्टवर मात्र ‘हार्नेस: होय’ अशी टिक असते. हे तुमच्या कुठल्या फलकात बसतं?

सेफ्टीवाला

दादा, गेटपासचं तुमचं म्हणणं मान्य. मी फक्त फलक धरून बसलो होतो. आणि तुमच्या बेल्टचा हिशेब तर आमच्या ट्रेनिंगमध्ये छापून लावण्यासारखा आहे. अशी टिक मीही मारली आहे. खाली उभा राहून वर बघितलं, बेल्ट दिसला, टिक केली. हुक कशाला अडकवलाय हे बघायला परांचीवर चढावं लागतं, आणि त्या वेळी चार परमिट (धोक्याच्या कामाच्या लेखी परवानग्या) सहीसाठी टेबलावर पडलेली असतात.

प्रॉडक्शनवाल्या साहेबांना एक सांगायचंय. ओनीलचीच गोष्ट पुढे अशी आहे: त्यांच्या एका प्लांटमध्ये कामगारांना वायूची बाधा झाली, ते वर कळवलं नाही म्हणून १९९६ मध्ये त्यांनी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला काढून टाकलं. त्यांच्याकडे लपवल्याची शिक्षा वरच्याला झाली. आमच्याकडे सांगितल्याची शिक्षा हेल्परला होते. आकडा तोच, पण तो खरा निघणार की खोटा, हे इथेच ठरतं.

माझं म्हणणं आता असं: फलकावर दिवस लिहूच नका. या आठवड्यात कामगारांनी काय दाखवून दिलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं, ते लिहा. नियर मिस, म्हणजे जखम होता होता टळलेले प्रसंग, मोजा.

शिफ्ट सुपरवायझर

नियर मिसचं नाव काढलंत म्हणून लिहितेय. आमच्याकडे हाच प्रयोग झाला. हाईनरिश या अमेरिकन सुरक्षा-अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडलेलं अपघातांचं प्रमाण ट्रेनिंगमध्ये दाखवलं: ३०० विनाजखम घटना, २९ किरकोळ जखमा, एक गंभीर. तेव्हापासून दर शिफ्टला महिन्याला दहा नियर मिस द्यायचं बंधन आलं. तीस तारखेला लोक फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी. “मॅडम, काय लिहू?” मग ‘फरशी ओली होती’, ‘फरशी ओली होती’. दहा पुरे झाले, सगळे खूश. त्याच महिन्यात कन्व्हेयरचा इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारा स्विच) चुंबक चिकटवून बंद केलेला होता, त्याचा एकही फॉर्म नाही. का? कारण तो आमच्याच मेंटेनन्सने लाईन थांबू नये म्हणून केला होता.

टाकीत उतरायच्या परमिटचंही तेच. गेल्या तिमाहीची परमिटं चाळली. ऑक्सिजनच्या रकान्यात सगळीकडे २०.९ टक्के. मोकळ्या हवेत एवढाच असतो, म्हणून मीटर टाकीत न सोडताही तो लिहिता येतो. एकाही टाकीत कधी २०.६ आला नाही, २०.७ नाही. त्या दिवशी मी टाकीत उतरायची सगळी कामं थांबवली. तास वाया गेला म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं, पण पुन्हा थांबवीन. त्यामुळे सेफ्टीवाले, तुमच्या नव्या फलकालाही मी घाबरते. त्यावर कोटा लावू नका, एवढंच.

प्रॉडक्शनची बाजू

मॅडमच्या २०.९ ने मला गप्प केलं, खरं सांगतो. उद्या आमची परमिटं काढून बघणार आहे. तरी फलक उतरवायच्या मताचा मी नाही. बक्षीस काढा, दिवस राहू द्या. ज्या प्लांटमध्ये एवढंही मोजत नाहीत, तिथे सेफ्टीला टेबल-खुर्ची सुद्धा मिळत नाही, हे मी पाहिलंय. आणि गार्डचा प्रश्न मी सोडलेला नाही. पाच इंची मशीनसाठी चकती मागितल्यावर सात इंची चकती स्टोअरमधून बाहेर कशी आली?

सेफ्टीवाला

पाच इंची संपल्या होत्या, म्हणून स्टोअरने ‘चालेल’ म्हणून दिल्या. आता मशीनचा नंबर लिहिल्याशिवाय चकती मिळत नाही.

परांचीवरून

त्या पोराचं काय झालं, ते कुणीच विचारलं नाही.

सेफ्टीवाला

रजिस्टरला नोंद केली, फलक शून्यावर आणला. तुम्ही म्हणालात तेच झालं, दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने त्याला पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी प्लांट हेडच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, तो येईपर्यंत त्या कंत्राटदाराच्या एकाही परमिटवर सही करणार नाही म्हटलं. पाचव्या दिवशी आला. शॉपमध्ये दोन-तीन जण अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत, भेटवस्तू गेल्या म्हणून. बोट वरच्या पेरातून वाकत नाही. सही आता डाव्या हातानेच करतो.