निओकॉन विचार आणि संगणकीय खेळ: ही तुलना कुठवर टिकते?

खानापूरकर (प्रश्न):
नमस्कार. मी बेळगावात राज्यशास्त्रात एम.ए. करत असून अमेरिकेतील निओकॉन, म्हणजे नवपुराणमतवादी, विचारावर निबंध लिहीत आहे. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१ साली सुरू झालेल्या खेळमालिकेत नकाशा वरून पाहता येतो आणि जुनी राजवट मोडून नवी निवडता येते. मूळ खेळात त्यानंतर काही फेऱ्या अराजक चालते आणि मग लोकशाही निवडली असेल तर ती ठरल्याप्रमाणे सुरू होते. सद्दामला हटवले की इराकमध्ये लोकशाही रुजेल, ही अमेरिकेच्या २००३ च्या इराक युद्धामागची निओकॉन धारणा मला याच पठडीतली वाटते. हा मुद्दा निबंधात टिकेल का?

निपाणीचा वाचक:
टिकेल, परंतु संपूर्ण परंपरेला तो लावू नका. अर्व्हिंग क्रिस्टॉल आणि डॅनियल बेल यांनी १९६५ मध्ये ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे नियतकालिक काढले, तेव्हा त्यांच्या वर्तुळाचा आक्षेप नेमका उलटा होता: सरकार गरिबी हटवण्याच्या मोठमोठ्या योजना आखते, पण समाज त्या योजनेबरहुकूम वागत नाही आणि कुणाच्या मनातही नसलेले परिणाम पदरी पडतात. पुढे क्रिस्टॉल यांचा मुलगा विल्यम याने रॉबर्ट केगन यांच्यासोबत १९९७ मध्ये ‘प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंच्युरी’ स्थापन केले, आणि सद्दामची राजवट हटवावी असे पत्र या गटाने जानेवारी १९९८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांना पाठवले. घरच्या समाजाबद्दल बाळगलेली सावधगिरी परक्या देशाबाबत कुठे गेली, हा मला तुमच्या निबंधाचा खरा प्रश्न वाटतो. त्या पत्रावर सही करणारे राजकीय विचारवंत फ्रान्सिस फुकुयामा पुढे या गटापासून दूर झाले, हेही अवश्य नोंदवा.

माजी सैनिक, बेळगाव:
मी पायदळात नोकरी केली आहे, म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहितो. २३ मे २००३ रोजी, सद्दाम हटल्यावर इराकचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकेच्या पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने एका आदेशाने इराकी सैन्य विसर्जित केले. खेळात तुकडी काढून टाकली की ती पटावरून नाहीशी होते. इथे मात्र लाखो शस्त्र-प्रशिक्षित माणसे पगाराविना घरी परतली आणि त्यांतील कित्येक पुढे बंडखोरांना जाऊन मिळाली. आपल्या भागात गावोगावी सेवानिवृत्त जवान आहेत. उद्या एका कागदाने त्यांचा हुद्दा आणि पेन्शन दोन्ही गेली, तर त्या घरांत काय होईल, एवढा विचार केला तरी त्या आदेशाचे वजन कळते. बुश यांनी १ मे रोजीच मोठी लढाई संपल्याचे युद्धनौकेवरून जाहीर केले होते, आणि अमेरिकी फौजा परतल्या डिसेंबर २०११ मध्ये.

चिकोडीची शिक्षिका:
मला या तुलनेत एक धोका दिसतो. या विचारवंतांना युद्ध खेळ वाटत होते, असा अर्थ निघता कामा नये. १९३८ च्या म्युनिक कराराने हिटलरला मोकळीक मिळाली, हा धडा त्यांनी मनापासून घेतला होता आणि हुकूमशाहीपुढे गप्प बसणे त्यांना पाप वाटत होते. चूक हेतूपेक्षा नकाशाकडे पाहण्याच्या रीतीत होती. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची रेघ बदलली, तरी घरातली भाषा, सोयरीक आणि बाजार त्या रेघेप्रमाणे बदलले नाहीत. खेळाच्या पटावर शहराचा रंग बदलतो, पण त्यातल्या घरांत काय चालले आहे ते पटावर दिसत नाही. तुलना एवढ्यापुरतीच ठेवावी, असे माझे मत आहे.

खानापूरकर:
काका, ताई, सर, मनःपूर्वक आभार. आता १९६५ पासून सुरुवात करतो, सैन्य-विसर्जनाच्या आदेशाला स्वतंत्र प्रकरण देतो आणि खेळाची तुलना राजवट बदलण्याच्या मुद्द्यापुरतीच ठेवतो. म्युनिकचा संदर्भ माझ्याकडून पूर्णपणे सुटला होता.