झीरो मार्कअप खरं, पण रुपयाचं बटण दाबलं की गेलं

परदेशी जाताना “झीरो मार्कअपचं कार्ड”, म्हणजे चलन बदलताना आपली बँक वर जादा टक्के (मार्कअप) लावत नाही असं कार्ड, “घेतलं की विषय संपला” असं लोक सांगतात, ते अर्धंच बरोबर. बँकॉक-दुबईच्या एटीएमवर किंवा दुकानातल्या स्वाइप मशीनवर भारतीय कार्ड लागलं की बऱ्याचदा पडद्यावर विचारतात, रक्कम रुपयांत की बाट-दिरहममध्ये? रुपयाचा आकडा ओळखीचा, बोट तिकडंच जातं. पण मग दर समोरची बँक ठरवते, तुमची नाही, आणि त्यात पाच-सात टक्के सहज घुसवलेले असतात. एटीएमवर ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ (रुपयांत बदलायला नकार) दाबायचं. लोकांना वाटतं व्यवहारच रद्द होईल; होत नाही, पैसे निघतात. दुकानात मशीन आपल्याकडं वळवून घ्या, काउंटरवाला न विचारता रुपये दाबून मोकळा होतो. स्लिपवर रुपये छापून आले तर तिथंच रद्द करून परत करायला लावा. संभाजीनगरला येऊन बँकेत भांडण्यात काही अर्थ नाही, कारण कागदोपत्री संमती तुमचीच असते.

साध्या कार्डाचा मार्कअप साडेतीन टक्के असेल तर त्यावरचा 18 टक्के जीएसटी धरून 4.13 पडतो. थायलंडच्या एटीएमचं दर वेळचं दोनशेहून जास्त बाट शुल्क वेगळंच, म्हणून दोन-दोन हजार काढत बसू नका, एकदाच काढा. आणि लातूर-नांदेडहून नोटा घेऊन निघणार असाल तर 50,000 रुपयांच्या वरचं परकीय चलन रोख रुपये देऊन मिळत नाही, पैसे खात्यातून द्यावे लागतात.