पोरांच्या ग्रुपला कॅम्पला नेताना सॅक कशी भरता? अनुभव लिहा

डिसेंबरात आमच्याकडची आठवी ते बारावीची पोरं राजमाचीला नेतोय, लोणावळ्याहून चालत किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत, म्हणजे साधारण १५ किमी आणि रात्री तंबूत मुक्काम. आयांचे फोन सुरू झालेत, स्वेटर किती, डबे किती. माझा नियम एकच, सॅक ज्याने उचलायची त्यानेच भरायची. आईने भरलेल्या सॅकेत टॉर्च कुठंय ते पोराला अंधारात सापडत नाही. तुम्ही कसं करता?

---

आम्ही आदल्या संध्याकाळी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावतो, सॅक उपड्या करायला लावतो आणि पुन्हा भरून घेतो. स्लीपिंग बॅग तळाला, जड सामान म्हणजे तांदूळ, डाळ, पाणी पाठीला चिकटून, टॉर्च आणि खाऊ वरच्या कप्प्यात. मग चार मजले चढून यायचं. दुसऱ्या मजल्यावरच पोरं स्वतःहून म्हणतात दादा ही जीन्स काढतो. हातात पिशवी कोणाच्याच नको, हात मोकळे पाहिजेत.

---

थंडीबद्दल लिहिते. आम्ही मुलींना कळसूबाईला नेतो, १६४६ मीटर, आणि वर वारा असा की घाम वाळायच्या आत हुडहुडी भरते. जाड स्वेटर एक नेण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर आणि वरून विंडचीटर बरा. मुक्कामाला कॅरीमॅट हवीच हवी, गारवा जमिनीतून चढतो, वर कितीही पांघरा. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचे, दिवसा हात लावायचा नाही. आणि पॅड्स सगळ्याजणींकडे, तारीख असो नसो, सोबत जुने पेपर आणि एक घट्ट पिशवी, वापरलेलं सगळं परत खाली आणायचं. हे ताईनेच निघायच्या आधी मोकळेपणाने बोलावं, मुली आपणहून विचारत नाहीत.

---

खाण्याचं मी बघते. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दुसऱ्या दिवशीपर्यंत मस्त राहतात. खिचडीचा शिधा प्रत्येकाकडे थोडा थोडा वाटून द्यायचा, पण हळद-तिखट-मीठ एकाच जबाबदार पोराकडे, नाहीतर रात्री चुलीपाशी सगळ्यांच्या सॅका उघडायची वेळ येते. खाऊ हातात मिरवायचा नाही, माकडं पिशवीचा आवाज बरोबर ओळखतात.

---

औषधांचं कोणी लिहिलं नाही. ग्रुपची पेटी लीडरकडे ठीक आहे, पण ज्याला दमा आहे त्याचा पंप त्याच्याच खिशात, आणि तो कुठल्या खिशात हे त्याच्या जोडीदाराला माहीत पाहिजे. लीडर शेवटी चालत असतो, पोरगं पुढे असतं. क्रेप बँडेज आणि ओआरएस जास्तीचे घ्या. नवे कोरे बूट कोणी घालणार असेल तर त्याला ते आठवडाभर आधीपासून शाळेत घालून जायला सांगा.

---

धागाकर्त्याला एक, परत येताना कोंढाणे लेण्यांवरून कर्जतला उतरणार का? मग सॅका अजून हलक्या करा, ती उतरण गुडघ्यांवर येते.