मदत हवी आहे: फाइलीत तारीख येते, ‘तूर’ येत नाही

मंडळी, लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. शेतकऱ्याची पट्टी फाइलीत लिहायला लिनक्सवर सी भाषेत प्रोग्राम केलाय, सेटलोकेल (भाषा-लिपीची मांडणी ठरवणारं फंक्शन) सुरुवातीलाच दिलंय. आधी एफडब्ल्यूप्रिंटएफला (वाइड, म्हणजे एका अक्षराला अनेक बाइटांचा खण देणारा मजकूर लिहिणारं फंक्शन) परसेंट एस (साध्या बाइटांच्या मजकुराची खूण) दिलं, तर ‘तूर’च्या जागी नुसतं डॉलरचं चिन्ह! (त चा युनिकोडमधला कोड ०९२४, त्यातला २४ हा बाइट म्हणजे डॉलर, हे कळायला अख्खी रात्र गेली.) परसेंट एलएस (वाइड मजकुराची खूण) केल्यावर जमलं.

आता नवंच. तारीख एफप्रिंटएफनं (हे साध्या बाइटचं फंक्शन) लिहून त्याच फाइलीत एफपुटडब्ल्यूएसनं (हे वाइडचं) मालाचं नाव लिहिलं की उणे १, म्हणजे चूक, परत येतो. तारखेची ओळ काढली की नीट उमटतं. म्हणजे पहिल्या लिखाणालाच स्ट्रीम (प्रोग्राममधली उघडलेली फाइल) बाइटची ठरते नि मग वाइड घेत नाही, असंच ना? मग फाइल बंद करून परत उघडू, का वाइडचा नाद सोडून सगळंच साध्या ‘चार’मध्ये (सीचा एका बाइटचा char प्रकार) यूटीएफ-८नं (युनिकोड अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) लिहू?